घेणार, न घेणार आणि लिंबाजी मामा

पुसेगावला लिंबाजी मामांच्या दुकानात गेलं की आधी पाणी मिळायचं. कुणी बियाण्याचा भाव विचारायला आलेला असो, वसुलीला आलेला कंपनीचा माणूस असो, नाहीतर नुसता सावलीला टेकलेला असो. मामा काउंटरवरचा तांब्या उचलायचे, पेला भरून पुढे सरकवायचे आणि समोरचा पेला संपवीपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. कुणी अर्धा पेला ठेवून घाईघाईने बोलायला लागलाच, तर पेल्याकडे बोट दाखवायचे. "आधी पाणी, मंग गोष्ट."

मी घड्याळावर चालणारी बाई. हिंगोलीत आमचं कृषी सेवा केंद्र आहे. माल बघायचं काम माझ्या पतींचं, आणि वह्या, याद्या, फोन, तारखा हे सगळं माझं. पुसेगावला जायचं असलं की त्या दिवसाच्या यादीत मी दहा मिनिटं जास्तीची धरायची. ती पाण्याची.

मामांना जाऊन आता वर्ष होत आलं. दुकान त्यांची सून चालवते. तांब्या तिथंच आहे. पुढे जे लिहिते आहे, त्यातली एक गोष्ट मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. सूनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवा ताई. आता त्येंना कोन काहून म्हणून इचारणार हाय?"

मामा उंच, किडकिडीत. पांढरा शर्ट, खांद्यावर दस्ती म्हणतात तो मोठा रुमाल, खिशात टोपण नसलेला पेन. त्यामुळे प्रत्येक शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. बिल करताना गिऱ्हाइकाच्या नावाखाली त्याचं रान कसलं तेही लिहायचे: काळं, मुरमाड, ओढ्याकाठचं. पुढच्या हंगामात तो माणूस आला की विचारायचे, "मुरमाडात काय पेरून राहिला यंदा?" माणसाला आपलं रान कुणाच्या लक्षात आहे याचं काय वाटत असेल, ते दुसरी दुकानं ओलांडून येणाऱ्या गिऱ्हाइकांवरून कळायचं.

त्यांचा एक नियम मात्र धंद्याच्या विरुद्ध होता. पिऊन आलेल्या माणसाला ते काही विकायचे नाहीत. फवारणीचं औषध तर नाहीच नाही. भांडण नाही, उपदेश नाही. त्याला बाकड्यावर बसवायचे, पाणी द्यायचे, आणि घरचं कुणी न्यायला येईपर्यंत शेजारी बसून राहायचे. एकदा मी तिथं असताना असा एक जण तासभर बडबडत होता आणि मामा "व्हय, व्हय" करत होते. दारात तीन गिऱ्हाइकं उभी. मी न राहवून म्हटलं, "मामा, धंदा बुडतोय." ते म्हणाले, "धंदा कुटं पळत न्हाई ताई. ह्यो पळन."

दुसरा नियम बक्षिसाचा. बियाण्याचा ट्रक आला की हमाल माल उतरवतात. मजुरी वेगळी, पण हंगाम संपताना प्रत्येक दुकानदार त्यांच्या हातावर वरचे काही पैसे ठेवतो. मामा रोख द्यायचे नाहीत. टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायचे, तेही पाहुण्याला आहेर करावा तसे उभे राहून, स्वतः टोपी घालून. हमाल हसायचे. एक जण तर माझ्यासमोरच म्हणाला, "मामा, घरात बारा टोप्या झाल्या. डोकं येकच हाय." मामा म्हणाले, "मंग बाकीच्या लेकरायला दे. हातातलं वाटंत सांडतं, अंगावरचं घरापोत जातं."

मला तो चिकटपणा वाटायचा. लपवत नाही.

तर एका वर्षी आमच्या भागातल्या सहा-सात दुकानदारांनी एका कंपनीचं विक्रीचं उद्दिष्ट पुरं केलं आणि कंपनीने जहाजाची सहल जाहीर केली. मुंबईहून गोवा आणि परत, दोन रात्री. जाणारे आठ जण: आम्ही नवरा-बायको आणि सहा पुरुष. खोली, जेवण कंपनीकडे. पिण्याचा आणि बक्षिसांचा खर्च ज्याचा त्याचा. ही शेवटची ओळ पत्रकात बारीक अक्षरात होती आणि ती फक्त मी वाचली होती. साहजिकच बजेट माझ्याकडे आलं.

जहाजावर काय फुकट आणि काय विकत, याची मी आधी यादी केली. जेवणाच्या हॉलमधल्या नळाचं पाणी, चहा फुकट. बाटलीचं पाणी विकत. दारू एकेक पेग घेतली तर आपल्याकडच्या ढाब्याच्या कितीतरी पट. त्याऐवजी तीन दिवसांचं पॅकेज घेतलं तर हवं तेवढं प्या. मात्र त्याला एक अट होती: एका खोलीतल्या दोघांपैकी एकाने पॅकेज घेतलं, तर दुसऱ्यानेही घ्यायलाच हवं. नाहीतर एकाच्या कार्डावर दोघं पितील. जहाजवाले काही खुळे नाहीत.

वहीत मी दोन रकाने आखले. घेणार. न घेणार.

आता बाईमाणसाने पुरुषांना फोन करून "तुम्ही घेता का?" विचारायचं म्हणजे काय गंमत असते, ते त्या संध्याकाळी कळलं. एक जण म्हणाला, "तसं न्हाई ताई, पर समुद्राची हवा सोसाया पाहिजे." दुसरा म्हणाला, "कंपनी म्हणून." शिरड शहापूरचा सुधाकर तेवढा सरळ: "ताई, माझं नाव पयलं लिवा आन खाली रेघ मारा." तिघे घेणार. दोघे पक्के न घेणार. एक माळकरी, एकाला साखरेचा आजार. त्या दोघांची खोली एक. घेणाऱ्यांतल्या दोघांची एक. उरले सुधाकर आणि लिंबाजी मामा.

मी मामांना फोन लावला. "मामा, तुमचं काय लिहू?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या हिशोबाला जे बराबर बसतं ते लिवा."

हिशोबाला 'घेणार' बराबर बसत होतं. मामा 'न घेणार' झाले असते तर सुधाकरला सुटे पेग घ्यावे लागले असते आणि माझी सगळी बेरीज बिघडली असती. मी त्यांचं नाव पहिल्या रकान्यात लिहिलं आणि वही मिटली. फोनवरच्या त्या थांबण्याची नोंद करायला रकाना नव्हता.

जहाजावर चढताना प्रत्येकाला एकेक कार्ड मिळालं. त्याच कार्डाने खोलीचं दार उघडतं, आणि बारमध्ये तेच दाखवायचं. मामांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि मला विचारलं, "ह्ये तुमच्यापाशी ठिवलं तर चालन का?"

"मामा, मग खोलीत कसे जाल?"

"व्हय की," म्हणाले आणि शाईचा डाग असलेल्या खिशात ठेवलं.

पहिल्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. चेहऱ्यावर काळजी. "ताई, जरा चला. त्या मानसानं आमाला आहेर केला."

जाऊन पाहते तर पलंगावर टॉवेलचा हत्ती. सोंड, कान, सगळं घडीचं. जहाजावर खोली आवरणारे लोक टॉवेलचे असे प्राणी करून ठेवतात, हे मी वाचलेलं होतं. तसं सांगितलं. मामांना पटलं नाही. "रीत त्याची असंल. पर आपली बी हाय ना. आहेर घेतला तर परतीचा करावा लागतो." त्यांच्या पिशवीत टॉवेल-टोपीचे चार जोड होतेच. प्रवासात ड्रायव्हर भेटतात, हमाल भेटतात, म्हणून ते कधी रिकामे निघत नसत.

खोली आवरणाऱ्याचं नाव फ्रान्सिस. पन्नाशीला आलेला, मंगळूरकडचा, हिंदी बोलणारा. मामांनी त्याला उभं करून टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. त्याला काय चाललंय कळेना, पण तो हात जोडून उभा राहिला. दुसऱ्या सकाळी पलंगावर टॉवेलचं माकड. मामांनी दुसरा जोड काढला. हत्ती त्यांनी मोडला नव्हता, कपाटात तसाच ठेवला होता. अंग पुसायला स्वतःची दस्ती. "आहेर कुनी लगेच वापरतं का?"

फ्रान्सिसने मला बाहेरच्या बोळात गाठलं. "मॅडम, अब मैं टॉवेल सीधा रखूँ क्या? अंकल का स्टॉक ख़तम हो जाएगा."

त्या दिवशी दुपारी जेवताना सुधाकर रंगात होता. "मामा, काल बी तुमी काय घेतलं न्हाई. पैसे भरलेत, वाया काहून घालून राहिले?" टेबलावरचे हसले. आणि मी, जिच्या डोक्यात एका माणसाच्या पॅकेजची रक्कम पूर्ण फुकट जात असल्याचं खरोखरच टोचत होतं, ती म्हणाले, "खरंच मामा. भरलेलेच आहेत पैसे. काहीतरी घ्या."

मामा उठून गेले.

मी वर डेकवर खुर्चीत बसून उरलेल्या खर्चाची यादी करत होते. चार वाजले असतील. ऊन कलतं होतं. मामा आले, हातात ग्लास. शेजारच्या खुर्चीत बसले आणि ग्लास माझ्यापुढे केला. "धरा."

मला वाटलं, त्यांना चष्मा पुसायचा असेल. मी धरला. रमचा वास आला. ग्लास काठोकाठ होता.

"ताई, तुमच्या यादीत माझं नाव चुकीच्या जागी हाय."

मी वही उघडायला गेले, एका हातात ग्लास. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ऐका."

त्या सहलीच्या अकरा वर्षं आधीपर्यंत ते पीत होते. 'थोडी' नाही, 'कंपनी म्हणून' नाही. हिंगोलीत कंपन्या कमिशन रोख द्यायच्या. "तासाभराचा रस्ता. म्या सांजच्याला घरी जायचो, खिसा रिकामा. साल-दर-साल. येका वर्साला कंपनीनं रोखीच्या ऐवजी साडी देली. साधीच. तेवढी घरापोत गेली. बायकोनं ती नेसली न्हाई, ट्रंकंत ठिवली. म्हनली, तुमी घरी आणलेली ही येकच वस्तू हाय."

"तेव्हापासून सोडलीत?"

"त्याच्याबाद दोन वर्सं लागली." ते समुद्राकडे बघत होते. "कुनाला सांगितलं न्हाई. सांगितलं की मान्सं रोज इचारतात, आज न्हाई ना घेतली? त्या इचारण्यानंच याद येती."

"मामा, मग फोनवर नाही का म्हणाला नाहीत?"

"न्हाई म्हनलो असतो तर तुमी इचारलं असतं, काहून."

खरं होतं. मी नक्की विचारलं असतं. आणि रकान्यासमोर कारणही लिहिलं असतं.

"दोन दिस ह्ये कार्ड खिशात हाय. दार उघडाया काडलं की त्याचीच याद. आज तुमी बी म्हनल्या, पैसे भरलेत. म्या गेलो. त्यानं भरून देला." ते माझ्या हातातल्या ग्लासाकडे बघत नव्हते. मुद्दाम. "तितून हितवर जिन्याच्या तीस पायऱ्या हायेत. मोजत आलो. आता दार तर उघडायचंच हाय ना ताई. अजून येक रात हाय. म्या काय करू सांगा."

ग्लास कलला. रम बोटांवर सांडली. मला धीर देता येत नाही. मला कामं करता येतात. मी ग्लास वेटरच्या ट्रेमध्ये ठेवला, मामांना तिथंच बसवलं, एक पेला पाणी आणून दिलं आणि "पूर्ण प्या" म्हणाले. मग खाली काउंटरवर गेले. पॅकेज रद्द होईल का? नाही, जहाज सुटल्यावर होत नाही. पैसे परत नकोत, फक्त बंद करा. मग खोलीतल्या दुसऱ्याचंही बंद होईल, असं उत्तर. तिथल्या मुलीशी मी पंधरा मिनिटं बोलत होते आणि कुठंच पोचत नव्हते.

मागून फ्रान्सिस चादरींची गाडी ढकलत चालला होता. थांबला. "किसका है मॅडम? टोपी वाले अंकल का?" मी होय म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. काउंटरच्या मुलीशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला आणि तिने एक कोरं कार्ड काढून दिलं. ते नुसती किल्ली होतं. दार उघडतं, बाकी काही नाही. पुढच्या वळणावर तो हळूच म्हणाला, "मेरा भी ऐसा ही है, मॅडम. स्टाफ बार में दिखाने वाला कार्ड घर पे रखता हूँ. रोझी के पास. मेरी घरवाली."

वर जाऊन मी मामांना नवं कार्ड दिलं. जुनं त्यांनी दोन बोटांत धरून माझ्या पुढ्यात ठेवलं. मी ते वहीच्या मागच्या पाकिटात टाकलं आणि चेन लावली. फ्रान्सिस काय म्हणाला, तेही सांगितलं.

मामांनी पेला खाली ठेवला. रिकामा होता. "बराबर," एवढंच म्हणाले.

शेवटच्या सकाळी फ्रान्सिसने टॉवेल सरळ घडी करून ठेवले होते. मामा खट्टू झाले. "काय चुकलं का आपलं?" मी कारण सांगितलं तेव्हा कितीतरी वेळ हसत बसले. मी त्यांना तसं हसताना एरवी पाहिलं नव्हतं.

मग बक्षिसांची पाकिटं. यावर आमच्यात वाद झालाच. सेवाशुल्क बिलात आधीच लागलेलं, मग वेगळं पाकीट काहून? मी सांगितलं, बिलातलं सगळ्यांत वाटलं जातं. ज्याने आपली खोली आवरली त्याला हातात काही द्यायची पद्धत आहे, आणि त्याची रक्कम मी आधीच धरून ठेवलेली आहे. सगळ्यांनी पैसे दिले. मामांकडे आले तेव्हा ते पिशवीतून तिसरा जोड काढत होते.

"मामा," मी म्हटलं, "त्याचं घर ह्या पाकिटांवर चालतं. टोपीवर नाही."

ते थांबले. टोपी हातात तशीच. नंतर खिशातून पाचशेची नोट काढली, वर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि पाकीट माझ्याकडे दिलं. "नाव लिवा."

"फ्रान्सिस."

"त्याचं न्हाई. सौभाग्यवती रोझी फ्रान्सिस, असं लिवा. ठळक."

मी लिहिलं. मामांनी पाकीट दोन्ही हातांनी दिलं आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "ये तुमारा नहीं है. ये रोझी बाई का है. तुम सिरफ लेके जाना." फ्रान्सिसने अक्षरं ओळखली की नाही, ठाऊक नाही, मी मराठीत लिहिलं होतं. पण रोझी हे नाव त्याने मामांच्या तोंडून ऐकलं. त्याने पाकीट खिशात नाही ठेवलं. मामांनी दिलेली टोपी घातली, आणि पाकीट हातात धरून बोळाच्या टोकापर्यंत तसाच गेला.

उतरायच्या आधी सगळ्यांच्या कार्डांचा तपशील छापून आला. सुधाकरचा कागद हातभर. मामांच्या कागदावर एकच ओळ: रम, एक. सुधाकर ओरडलाच. "आरं, पूर्ण पॅकेज आन मामाचा येकच पेग!"

मामा म्हणाले, "त्यो बी ताईच्या हातात व्हता."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे पतीसुद्धा. मी म्हणाले, "हो. माझ्याच हातात होता." तेव्हापासून आमच्या दुकानदारांत तो विनोद आहे. कुठल्याही बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "ताईला इचारा, मामाची रम कशी व्हती." मी हसून पुढचा विषय घेते. माझ्या यादीत दोनच रकाने होते आणि तिसरा हवा होता, एवढी चूक माझी होतीच. तिच्या मानाने विनोद फार महाग नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, हंगाम संपताना. बियाण्याच्या उरलेल्या पिशव्या परत घेण्याचं ठरलं होतं म्हणून पुसेगावला गेले. दुकानापुढे गर्दी. हमाल एका बाजूला उभे, आणि पायरीजवळ त्यांच्या बायका. मामा काउंटरच्या मागे पाकिटांचा गठ्ठा घेऊन उभे होते. प्रत्येक पाकिटावर टोपण नसलेल्या पेनाने लिहिलेलं नाव. ते मोठ्याने वाचत होते, शाळेत हजेरी घ्यावी तसे. "सौभाग्यवती कविता मारोती!" एक बाई पदर सावरत पुढे येत होती, दोन्ही हातांनी पाकीट घेत होती, आणि मागे सरताना आपलं नाव वाचत होती. बारा टोप्यांवाला हमाल कडेला उभा राहून कुरकुरला, "आमाला यंदा टोपी बी न्हाई का?" त्याच्या बायकोने तिथूनच सुनावलं, "बारा हायेत की. गप ऱ्हा."

मामांचं माझ्याकडे लक्ष गेलं. हातातला गठ्ठा खाली ठेवून त्यांनी आधी पेला भरला. मी काही न बोलता पूर्ण प्यायले. आजारपणाने ते वाळले होते, शर्ट खांद्यावर लोंबत होता. ते पुढे वाकले आणि हळू आवाजात विचारलं,

"ते कार्ड हाय का तुमच्यापाशी?"

"आहे. वहीच्या मागच्या पाकिटात."

"बराबर," ते म्हणाले, आणि गठ्ठ्यातलं पुढचं नाव वाचलं.